विश्लेषण : किक मारताच गाडी पळवणे टू-स्ट्रोक इंजिनाच्या जिवावर का बेतते?

यामाहा आरएक्स १००चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तर एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० त्याआधीच बाजारातून गेली. तरीही या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे वेड ओसरलेले नाही. जुन्या गाड्या शोधून, रंगवून, इंजिन नव्याने बांधून त्या पुन्हा रस्त्यावर आणल्या जात आहेत. मात्र अशा नव्याने बांधलेल्या इंजिनांचा पिस्टन अल्पावधीतच जाम होण्याचे प्रकार घडतात. दोष सुट्या भागांना किंवा मेकॅनिकला दिला जातो. अनेकदा खरे कारण असते ते गाडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. त्यातच आता पंपावर २० टक्के एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागल्याने इंजिनाच्या तापमानाचे गणित आणखी नाजूक झाले आहे.

टू-स्ट्रोक इंजिन वेगळे कसे?

आजच्या बहुतेक मोटारसायकलींची इंजिने फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या तळाशी ऑइल साठलेले असते आणि ते पंपाद्वारे किंवा उडून पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग यांच्यापर्यंत सतत पोहोचते. हे ऑइल वंगणाबरोबर पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णताही वाहून नेते. टू-स्ट्रोकमध्ये ही सोयच नाही. येथे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे तळाशी ऑइल साठवून ठेवता येत नाही. टू-टी ऑइल एकतर पेट्रोलमध्ये मिसळावे लागते किंवा स्वतंत्र टाकीतून पंपाने थोडे थोडे सोडावे लागते. यामाहाची ‘ऑटोल्युब’ ही याच प्रकारची यंत्रणा.

दुसरा फरक उष्णतेचा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. मिनिटाला ७५०० फेऱ्या असताना एका सिलिंडरमध्ये सेकंदाला १२५ वेळा इंधन पेटते. आरएक्स १००चे अवघे ९८ सीसीचे इंजिन ११ अश्वशक्ती देत असे, ते यामुळेच. पण एका स्फोटातून दुसऱ्या स्फोटापर्यंत पिस्टनला उसंत मिळत नाही. खालून येणारे थंड मिश्रण आणि सिलिंडरच्या भिंतीला होणारा स्पर्श, एवढ्यावरच त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते. त्यातही एग्झॉस्ट पोर्टकडची बाजू सर्वाधिक तापते, कारण जळालेला वायू तेथूनच बाहेर पडतो.

थंड इंजिन पळवले तर नेमके काय होते?

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. आरएक्स १०० आणि राजदूत ३५० यांसारख्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये आतून बीडाची, म्हणजे कास्ट आयर्नची नळी बसवलेली असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बीडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दोहोंमध्ये मोकळी जागा ठेवलेली असते ती अगदी थोडी. ५० मिमी व्यासाच्या पिस्टनसाठी ती साधारण ०.०४ ते ०.०६ मिमी इतकी, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी.

गणित साधे आहे. ५० मिमीच्या पिस्टनच्या खालच्या भागाचे तापमान सिलिंडरच्या तुलनेत ५० अंश सेल्सिअसने आधी वाढले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०५ मिमीने वाढतो. म्हणजे ठेवलेली मोकळी जागा जवळपास संपली. पिस्टन हलका आणि आगीच्या थेट संपर्कात असल्याने काही सेकंदांत तापतो. सिलिंडर मात्र जड, बाहेरून पंखे असलेला, त्यामुळे सावकाश तापतो. दोघेही सावकाश तापले तर दोघेही एकमेकांना जागा करून देत वाढतात. किक मारून लगेच ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला, तर पिस्टन फुगतो आणि सिलिंडर होता तेवढाच राहतो. मग पिस्टन भिंतीला घासतो, ऑइलचा पातळ थर तुटतो, ॲल्युमिनियम भिंतीला चिकटते आणि इंजिन जाम होते.

अशा ‘थंड जाम’ची खूण पिस्टनवर दिसते. पिस्टनच्या भोवती साधारण चार ठिकाणी उभे ओरखडे उमटतात. केवळ एग्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन अति तापल्याचा किंवा पेट्रोल कमी पडल्याचा संशय घेतला जातो. चहूबाजूंनी घासले असेल तर ऑइल पोहोचले नसल्याची शक्यता अधिक. नवा पिस्टन बसवण्याआधी जुना नीट पाहिला नाही, तर मूळ कारण तसेच राहते आणि इंजिन पुन्हा जाम होते.

पाण्याने थंड होणारी इंजिने सुरक्षित असतात का?

तसा समज आहे, पण तो अर्धाच खरा. यामाहा आरडी ३५० एलसी, सुझुकी आरजीव्ही २५०, होंडा एनएसआर २५०, एप्रिलिया आरएस २५० या परदेशांत गाजलेल्या टू-स्ट्रोक स्पोर्ट्स मोटारसायकली पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांच्यात पूर्ण तापलेल्या इंजिनाचे तापमान अधिक स्थिर राहते, हे खरे. पण सुरुवातीच्या काही मिनिटांत सिलिंडरभोवतीचे थंड पाणी त्याला तापूच देत नाही. आतला पिस्टन मात्र तितक्याच वेगाने तापतो. म्हणजे दोघांच्या तापमानातील दरी हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा जास्त काळ टिकते. अनेक स्पोर्ट्स गाड्यांत बीडाच्या नळीऐवजी ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर जवळपास सारखेच प्रसरण पावतात. परंतु याच कारणाने त्यांच्यातील मोकळी जागाही कमी ठेवली जाते. तापण्याचा वेळ देणे त्यांनाही चुकत नाही.

याउलट पूर्ण तापल्यानंतर टू-स्ट्रोकला फार उष्णता मानवत नाही. क्रँककेस तापला की आत येणारे मिश्रण विरळ होते आणि शक्ती घटते. म्हणून शर्यतीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये पाण्याचे तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न होत असे. थंड दिवशी रेडिएटरच्या काही भागावर टेप लावली जाई, उन्हात ती काढली जाई. जागतिक ग्रां प्री स्पर्धेत ५०० सीसी टू-स्ट्रोकचा काळ २००१ पर्यंत होता. १२५ सीसी गटाच्या २०११च्या अखेरच्या हंगामाबरोबर तेथील टू-स्ट्रोकचे पर्व संपले. तोवर शर्यतीआधी स्टँडवर उभ्या गाडीला हलकी हलकी रेस देत तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवणारे मेकॅनिक हे पिटमधले नेहमीचे दृश्य होते.

मग गाडी जागेवर किती वेळ सुरू ठेवायची?

येथे दोन टोकाच्या सवयी दिसतात. काही जण किक मारताच निघतात, तर काही जण दहा मिनिटे गाडी जागेवर धडधडत ठेवतात. दोन्ही चुकीचे. जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनात ज्वलन अर्धवट होते, स्पार्क प्लग काळा पडतो, न जळलेले ऑइल क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला जागेवर वाराही मिळत नाही. चोक ओढलेला राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते, म्हणजे ज्याच्या संरक्षणासाठी थांबायचे त्याचेच नुकसान.

व्यवहार्य पद्धत अशी. चोक ओढून गाडी सुरू करायची आणि इंजिन विनाअडथळा चालू लागताच तो टप्प्याटप्प्याने बंद करायचा. हवेने थंड होणाऱ्या गाडीला एक-दोन मिनिटे पुरतात. निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीत थोडी अधिक. त्यानंतरचे तापवणे रस्त्यावर, हलक्या हाताने. पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या आत ठेवायचा आणि इंजिनाच्या फेऱ्याही कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. एकाच वेगाने न जाता ॲक्सिलरेटर थोडा कमी-जास्त करत राहिल्यास पिस्टनला मधूनमधून थंड मिश्रण मिळते. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात इंजिन दाबून ओढायला लावणेही टाळायला हवे, कारण फेऱ्या कमी असल्या तरी भार मोठा असतो.

पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत काटा ५० अंशांच्या आसपास येईपर्यंत सौम्य चालवणे आणि त्यानंतरही काही मिनिटांनीच पूर्ण रेस देणे हा सुरक्षित नियम. काटा पाण्याचे तापमान सांगतो; पिस्टनचे, क्रँकच्या बेअरिंगचे किंवा गिअरबॉक्समधील वेगळ्या ऑइलचे नाही. नव्याने बोअर केलेल्या इंजिनाला तर पहिले काही शे किलोमीटर ही काळजी प्रत्येक वेळी घ्यावी लागते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचेही तसेच. भिंतीवरचे ऑइल खाली ओघळलेले असते आणि नवे ऑइल पोहोचायला वेळ लागतो.

थंड असताना गाडी ‘उचलत’ का नाही?

टू-स्ट्रोक स्पोर्ट्स मोटारसायकलीचा मधे फुगीर आणि पुढे निमुळता होत जाणारा सायलेन्सर शोभेसाठी नसतो. त्यातून परत येणाऱ्या दाबाच्या लाटा बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतात. या लाटांचा वेग वायूच्या तापमानावर अवलंबून असतो. सायलेन्सर थंड असेल तर लाटा उशिरा पोहोचतात आणि ठरलेल्या फेऱ्यांवर मिळणारा तो ओळखीचा झटका मिळत नाही. गाडी मंद वाटते म्हणून चालक ॲक्सिलरेटर आणखी पिळतो. म्हणजे इंजिन सर्वाधिक नाजूक असते तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक ताण पडतो. थंड गाडीचा मंदपणा हा बिघाड नसून थांबण्याची सूचना आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

इंजिन तापल्यानंतर धोका संपतो का?

नाही, त्याचे रूप बदलते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘लीन’ मिश्रण झाले, की ज्वलनाचे तापमान वाढते. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे, मिसळलेल्या गाडीत, ऑइलही कमी. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबर चिरले, क्रँकचे सील गळू लागले, एअर फिल्टर काढून टाकला किंवा सायलेन्सर बदलूनही जेट तेच ठेवले, तर हेच घडते. ऋतूचाही परिणाम होतो. १० अंशांवरची हवा ४० अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते. मे महिन्यातल्या दुपारी काठावर बसवलेला कार्ब्युरेटर डिसेंबरच्या पहाटे लीन ठरू शकतो.

महाराष्ट्रातील चालकांसाठी सर्वात फसवी जागा म्हणजे घाटाचा उतार. आंबोली, ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर चाक इंजिनाला वेगाने फिरवत राहते. पण कार्ब्युरेटर बंद असल्याने पेट्रोल जवळपास येत नाही आणि त्यात मिसळलेले ऑइलही येत नाही. चढावर तापलेला पिस्टन उतारावर कोरडा फिरतो. युरोपातील टू-स्ट्रोक मोटारींच्या निर्मात्यांना हा प्रश्न ठाऊक होता. म्हणूनच स्वीडनच्या साबने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींमध्ये, उतारावर चाकांनी इंजिनाला फिरवू नये यासाठी, फ्रीव्हीलची यंत्रणा दिली होती. मोटारसायकलवर उपाय सोपा आहे. उतारावर वेग मुख्यतः ब्रेकने आवरायचा, अधूनमधून क्लच दाबून हलकी रेस द्यायची, म्हणजे ऑइल पोहोचत राहते. गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरणे हा मात्र उपाय नव्हे. त्यात गाडीवरचा ताबाच जातो.

शहरातील कोंडीत हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. अशा वेळी शक्ती घटणे, चढावर ‘टिकटिक’ असा धातूचा आवाज येणे ही अति तापल्याची लक्षणे. सिग्नल लांब असेल तर इंजिन बंद करणे उत्तम. तापलेल्या सिलिंडरवर गार पाणी ओतण्याची सवय मात्र घातक आहे. एकाएकी आकसलेल्या धातूला तडा जाऊ शकतो किंवा सिलिंडर वाकडा होऊ शकतो.

ई-२० पेट्रोलमुळे काय बदलले?

पेट्रोलमध्ये २० टक्के एथॅनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. जुन्या वाहनांवरील परिणामांबाबत वाद झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला. मोठ्या नुकसानीची भीती निराधार असून काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे त्यात म्हटले होते. एथॅनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे टू-स्ट्रोक मालकांना याच इंधनाशी जुळवून घ्यावे लागणार आहे.

एथॅनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. ते जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तितक्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावे लागते. नव्या गाड्यांतील संगणक ते आपोआप देतो. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५०च्या कार्ब्युरेटरचे जेट साध्या पेट्रोलसाठी बेतलेले आहेत. तेच जेट ठेवून ई-२० वापरल्यास मिश्रण साधारण सात-आठ टक्क्यांनी लीन होते. एथॅनॉलचे काही गुण फायद्याचे आहेत. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता शोषून घेते. पण थंड इंजिनात हाच गुण आड येतो. इंधनाची नीट वाफ होत नाही, गाडी उशिरा सुरू होते आणि चोक जास्त वेळ लागतो.

आणखी एक धोका पावसाळ्यातला. एथॅनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलेले असेल, तर ते मुख्यतः वरच्या पेट्रोलच्या थरातच राहते. कॉक रिझर्व्हवर फिरवला की कार्ब्युरेटरमध्ये जाते ते तळाचे, वंगण नसलेले द्रव्य. म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीतील जुने पेट्रोल काढून टाकणे, पेट्रोल-ऑइल मिश्रण लागेल तेवढेच बनवणे, जाणकाराकडून जेट तपासून घेणे आणि स्पार्क प्लगचा रंग पाहत राहणे गरजेचे ठरते. प्लग फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका असेल तर इंजिन जास्त तापते आहे. काळा व ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त आहे.

धावत्या गाडीचे इंजिन जाम होऊ लागले तर?

येथे प्रश्न इंजिनाच्या खर्चापुरता राहत नाही. पिस्टन अडकला की क्रँक थांबतो, गिअर आणि चेनमार्गे मागचे चाकही थांबते. धावत्या वेगात मागचे चाक एकाएकी अडकणे म्हणजे गाडी घसरणे. मागून येणाऱ्या वाहनाचा धोका वेगळाच. जाम होण्याआधी इंजिन बहुधा क्षणभर इशारा देते. आवाज बदलून आवळल्यासारखा होतो, कुणी मागून ब्रेक लावल्यासारखी गाडी ओढली जाते. त्या क्षणी क्लच दाबणे एवढेच करायचे असते. क्लच दाबला की चाक इंजिनापासून सुटते आणि गाडी कडेला घेता येते. टू-स्ट्रोकवर शर्यत खेळणारे दोन बोटे कायम क्लचच्या दांड्यावर ठेवत, ते याचसाठी.

गाडी थांबल्यावर लगेच किका मारत बसू नये. थंड झाल्यावर पिस्टन आकसून सुटतो आणि इंजिन सुरूही होते. पण ‘आपोआप ठीक झाली’ म्हणून तशीच पळवणे धोक्याचे. भिंतीला चिकटलेले ॲल्युमिनियम आणि अडकलेल्या रिंगा पुढच्या जामची तयारी करून ठेवतात. ओरखडे खोल असतील तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. ही मापे साधारण पाव मिमीच्या टप्प्याने वाढतात आणि नळीच्या जाडीला मर्यादा आहे. मूळ सुटे भाग दुर्मीळ होत चाललेल्या गाड्यांमध्ये प्रत्येक बोअर म्हणजे इंजिनाच्या उरलेल्या आयुष्यातून कापलेला एक हप्ता.

नव्या तंत्रज्ञानाने प्रश्न सुटला आहे का?

काही प्रमाणात. ऑस्ट्रियाच्या केटीएमने २०१८च्या मॉडेलांपासून आपल्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो मोटारसायकलींमध्ये इंधन फवारणीची यंत्रणा आणली. हवा आणि इंजिनाचे तापमान मोजून ती पेट्रोल-ऑइलचे प्रमाण बदलते, त्यामुळे ऋतूनुसार जेट बदलण्याची कटकट संपते. त्याआधी १९९७ मध्ये इटलीच्या बिमोटाने फवारणीवर चालणारी ‘व्ही ड्यू’ ही ५०० सीसी टू-स्ट्रोक स्पोर्ट्स मोटारसायकल आणली होती. ती यंत्रणा नीट चालली नाही आणि गाड्या परत घ्याव्या लागल्या. संगणक मिश्रण सांभाळू शकतो, पण धातू किती वेगाने प्रसरण पावतो हे तो बदलू शकत नाही. त्यामुळे नव्या टू-स्ट्रोकलाही आधी तापू देण्याची गरज उरतेच. भारतात रस्त्यावर असलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींत तर तापमान मोजणारे काहीच नसते. तेथे हे काम चालकाच्या उजव्या मनगटाकडे आणि कानांकडेच राहणार आहे.